गाळातलं पाणी दाबून निघत नाही

परवा आमच्याकडे, सांडपाण्याच्या प्लांटवर, नवीन लागलेल्या ट्रेनी पोराने विचारलं, "सर, सेंट्रिफ्यूज एवढं जोरात फिरतंय तर पाणी आपोआप निघेल ना, मग हे पॉलिमर कशाला घालायचं?" सेंट्रिफ्यूज म्हणजे गाळ गरागरा फिरवून त्यातलं पाणी काढायचं मशीन, आणि पॉलिमर, आमच्या भाषेत पॉली, हे त्याआधी गाळात घालायचं रसायन. प्रश्न रास्त आहे. मी स्वतः पहिलं वर्षभर हेच धरून चाललो होतो, की गाळ म्हणजे ओलं फडकं, जोरात पिळलं की पाणी निघणार, आणि निघत नसेल तर जोर कमी पडतोय. त्याला फळ्यावर काही लिहून दाखवलं नाही, थिकनरमधून, म्हणजे गाळ आधी थोडा दाट करून घ्यायच्या टाकीतून, मगभर स्लज, म्हणजे गाळच, काढला, फिल्टर प्रेसच्या जुन्या कापडाचा तुकडा पडलेला होता त्याच्यावर ओतला, हातमोजे घालायला लावले आणि म्हटलं, पिळ.

त्याने पिळलं. चार काळपट थेंब आले, मग कापडाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर बसला आणि पाणी यायचं बंद झालं. अजून जोर लावला तर पाणी नाहीच, अख्खा स्लजच कापडाच्या कडेने सुळकन बाहेर आला आणि बुटावर पडला. मग दुसरा मग भरला, त्यात तयार पॉलीचं पाणी थोडं थोडं घालत या मगमधून त्या मगमध्ये पाच-सहा वेळा ओतलं, आणि तो सगळा एकजीव काळा रेंदा बघता बघता फुटला, कणांचे गोळे गोळे झाले आणि मधल्या फटींतून स्वच्छ पाणी दिसायला लागलं. ते कापडावर नुसतं ओतलं, हात पण लावला नाही, आणि पाणी धारेने खाली गेलं. पोरगं बराच वेळ त्या कापडाकडे बघत होतं, मग म्हणालं, "दाबलंच नाही आपण."

तेच. या कामात माझी इतकी वर्षं गेली, त्यात शिकलेली मुख्य गोष्ट ही एवढीच आहे आणि ती नीट कुठेतरी लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून आज बसलोय.

आधी हिशोब सांगतो, कारण हिशोब कळल्याशिवाय या कामाचं महत्त्व कळत नाही. सांडपाणी शुद्ध करायचं म्हणजे हवा देऊन बॅक्टेरिया वाढवायचे, त्यांनी घाण खायची, मग ते क्लॅरिफायर नावाच्या टाकीत तळाला बसवायचे आणि वरचं स्वच्छ पाणी सोडून द्यायचं. तळाला बसलेला तो सेकंडरी स्लज, तो काढला जातो तेव्हा त्यात कोरडा माल साधारण १ टक्का असतो, बऱ्याचदा त्याहून कमीच. म्हणजे १०० घनमीटर स्लज उपसला तर त्यात खरा माल १ टन आणि पाणी ९९ टन. हाच स्लज थिकनरमध्ये ५ टक्क्यांवर आला की तो २० घनमीटर उरतो. मशीनमधून २० टक्क्यांचा केक, म्हणजे पाणी काढून उरलेला घट्ट गाळ, निघाला की ५ टन. कोरडा माल तोच १ टन, फक्त १०० चे ५ झाले, ९५ टन पाणी वाटेतच सुटलं. त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा, ८० टन, पहिल्याच टप्प्यात, मशीनपर्यंत जायच्या आधीच सुटला हे पण लक्षात घ्या, त्यामुळे ज्याचा थिकनर बिघडलाय त्याने मशीनवर पैसे घालण्याआधी थिकनर बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे १५ टक्के केक आणि २० टक्के केक यात ऐकायला पाचाचाच फरक, पण १५ ला तोच १ टन माल जवळपास ६.७ टन होऊन ट्रकमध्ये चढतो आणि २० ला ५ टन. दर चार ट्रकमागे एक ट्रक नुसतं पाणी वाहून नेतोय. आणि २० टक्क्यांचा केक हातात घेतला तर ओलसर मातीसारखा लागतो, फावड्याने उचलता येतो, ढीग राहतो, तरी त्यात ८० टक्के पाणीच असतं. कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

हे पाणी इतकं चिकटून का बसतं? मातीचा गाळ असता, म्हणजे नदीकाठचा गाळ, तर एव्हाना वाळला असता. सांडपाण्याचा गाळ म्हणजे जिवंत आणि मेलेले बॅक्टेरिया. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली, आणि दर वेळी तळाला बसलेला गाळ फेकून न देता तोच पुढच्या सांडपाण्यात वापरत गेले, तर जे काम आधी आठवडे घेत होतं ते काही तासांवर आलं. जगभरातले बहुतेक मोठे प्लांट आजही त्याच कल्पनेवर चालतात, अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज. पण ज्या गाळामुळे ही जादू होते तो रोज वाढत राहतो, वाढलेला बाहेर काढावा लागतो, आणि तो जो बाहेर काढलेला आहे त्याचं काय करायचं हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मागे आहे.

हे बॅक्टेरिया सुटे राहत नाहीत, ते आपल्याभोवती एक चिकट आवरण तयार करतात, प्रोटीन आणि पॉलिसॅकराइडचं, त्यात हजारो पेशी एकमेकींना धरून राहतात. पुस्तकात त्याला ईपीएस म्हणतात. हे आवरण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं, जेलसारखं. म्हणून गाळातलं पाणी एकाच जातीचं नसतं. थोडं मोकळं असतं, गोळ्यांच्या बाहेर, ते नुसतं बसू दिलं तरी वेगळं होतं. थोडं गोळ्यांच्या आतल्या फटींत अडकलेलं असतं, ते दाबाने किंवा फिरवून निघू शकतं, वाट मिळाली तर. थोडं पृष्ठभागाला घट्ट चिकटलेलं असतं. आणि उरलेलं पेशीच्या आत असतं, पेशी फोडल्याशिवाय ते निघणारच नाही, तुम्ही कितीही महागडं मशीन आणा. त्यामुळे निव्वळ सेकंडरी स्लज २० च्या वर जात नाही म्हणून ऑपरेटरवर ओरडणाऱ्या साहेबांना मी नेहमी सांगतो, साहेब, तुम्ही पेशीतलं पाणी मागताय असं समजा. प्रायमरी स्लज मिसळलेला असेल, म्हणजे पहिल्या टाकीतला धागेधुगे, कागदाचे तंतू असलेला, तर तोच केक सहज २५ च्या आसपास जातो कारण तंतूंमुळे पाण्याला वाटा राहतात.

पेशी फोडायचा उद्योग पण केला जातो. थर्मल हायड्रोलिसिस म्हणतात, स्लजला प्रेशर कुकरसारखं साधारण १६५ डिग्रीला अर्धा तास ठेवायचं आणि मग दाब एकदम सोडायचा, पेशी फुटतात, ते चिकट आवरण मोडतं. नॉर्वेत हामारला १९९० च्या दशकाच्या मध्यावर याचा पहिला मोठा प्लांट सुरू झाला, नंतर वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्ससारख्या अवाढव्य ठिकाणीही आला. डायजेस्टरमधून, म्हणजे हवेशिवाय गाळ कुजवायच्या बंद टाकीतून, गेल्यावर त्या स्लजचा केक ३० टक्क्यांपर्यंत येतो. पण ते सगळ्यांना परवडणारं प्रकरण नाही, वाफ लागते, भांडी लागतात, माणसं लागतात.

बाकी आपल्यासारख्यांच्या हातात असतं ते पॉलिमर. गाळाच्या कणांवर बाहेरून निगेटिव्ह चार्ज असतो, सगळेच निगेटिव्ह म्हणजे सगळे एकमेकांना ढकलतात, जवळ येत नाहीत, मधे पाणी अडकून राहतं. पॉलिमर म्हणजे पॉलीअ‍ॅक्रिलामाइडची प्रचंड लांब साखळी, पॉझिटिव्ह चार्जची, मॉलिक्युलर वेट लाखांत नाही कोटीपर्यंत जातं. ती साखळी एका कणाला एका ठिकाणी चिकटते, दुसऱ्याला दुसऱ्या ठिकाणी, असे शेकडो कण एका दोरीत ओवले जातात आणि मधलं पाणी मोकळं होतं. एवढं मोठं काम करायला लागतं किती, तर एका टन कोरड्या मालाला साधारण ५ ते १० किलो. आणि जास्त घातलं तर जास्त चांगलं असं अजिबात नाही, जास्त झालं की सगळे कण पॉझिटिव्ह होतात आणि परत एकमेकांना ढकलायला लागतात, वर चिकटपणा वाढतो, मशीनच्या जाळीदार बेल्टची भोकं बुजतात, केक बेल्टला सोडत नाही. डोस वाढवून बिघडलेली गोष्ट डोस अजून वाढवून दुरुस्त करणारी माणसं मी पाहिलीत.

या साखळीची सगळी ताकद तिच्या लांबीत आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पॉलीचं पाणी करणं हे आमच्याकडे सगळ्यात नवख्या हेल्परला दिलेलं काम असतं आणि हे मला कधीच पटलेलं नाही. पावडर एकदम ओतली की बाहेरून भिजते, आत कोरडी राहते, पारदर्शक गुठळ्या होतात, आम्ही त्याला फिश आय म्हणतो. त्या गुठळ्या नंतर कितीही ढवळा, विरघळत नाहीत, पंपात जातात, बेल्टला चिकटतात, आणि तेवढी पावडर वाया. म्हणून पावडर पाण्याच्या धारेवर हळूहळू, भुरभुरत सोडायची. ०.१ ते ०.५ टक्क्यांचं द्रावण, त्याहून दाट केलं तर ढवळणारच नाही. मग पाऊण ते एक तास हळूहळू फिरत ठेवायचं, कारण साखळी सुरुवातीला गुंडाळी होऊन पडलेली असते, तिला उलगडायला वेळ लागतो. घाईघाईत वीस मिनिटांत डोसिंगला घेतलं की तुम्ही गुंडाळ्याच पाठवताय. पाण्यात क्लोरीन असेल तर साखळी तुटते, पाणी फार जड असेल तर उलगडत नाही. आणि दुसऱ्या बाजूने, तीन-तीन दिवस तयार करून ठेवलेलं पण मरतं.

एक अगदी वेगळी पण गरजेची गोष्ट, पॉलीची पावडर फरशीवर सांडली तर त्याच्यावर पाणी मारू नका. कोरडी असताना झाडून घ्या. पाणी लागलं की ती फरशी अशी निसरडी होते की उभं राहता येत नाही, आमच्यातल्या एका चांगल्या फिटरचं मनगट असंच मोडलं.

आता मशिनींबद्दल. माझा जीव बेल्ट प्रेसवर आहे, हे आधीच कबूल करतो. कारण त्यात सगळं डोळ्यांना दिसतं. पॉली मिसळलेला स्लज पहिल्या सपाट भागात पडतो, तिथे दाब काहीच नाही, फक्त जाळीचा बेल्ट आणि खाली गुरुत्वाकर्षण, आणि अर्ध्याहून जास्त पाणी तिथेच पडून जातं. मधे नांगराच्या फाळांसारख्या पट्ट्या असतात, त्या गाळाला बाजूला सारतात आणि त्यांच्या मागे बेल्टची स्वच्छ पट्टी उघडी पडते. ती पट्टी स्वच्छ, पाण्याने चमकणारी दिसली तर पुढचं सगळं ठीक होणार. ती पट्टी काळ्या लेपाने भरलेली दिसली तर मशीन थांबवा, कारण पुढे दोन बेल्टच्या मधे तो गाळ गेला की रोलरवर तो दाबला न जाता कडेने बाहेर येणार, अगदी त्या पोराच्या बुटावर आला तसाच. रोलर पण मोठ्यापासून लहानाकडे लावलेले असतात, म्हणजे दाब हळूहळू वाढतो, कारण एकदम दाबलं तर गाळ पळतो. हे मशीन ज्याने पहिल्यांदा आखलं त्याला गाळाचा स्वभाव नीट कळला होता.

सेंट्रिफ्यूज बंद पेटी आहे. आत एक मोठा बाउल, म्हणजे ड्रम, मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारतो, आतला स्क्रू त्याच दिशेने पण अगदी थोड्या वेगळ्या वेगाने, फरक मिनिटाला काही फेऱ्यांचाच. त्या फरकाने केक सरकत सरकत एका टोकाने बाहेर येतो आणि पाणी, म्हणजे सेंट्रेट, दुसऱ्या टोकाने. फरक कमी केला की केक आत जास्त वेळ राहतो, जास्त कोरडा होतो, पण आत माल साचतो, टॉर्क, म्हणजे स्क्रूवरचा फिरवायचा भार, वाढतो आणि एका हद्दीनंतर माल सेंट्रेटमधून बाहेर पडायला लागतो. जागा कमी लागते, वास कोंडलेला राहतो, माणसं कमी लागतात म्हणून मोठे प्लांट हेच घेतात. बंद करताना आतून पाण्याने धुतलं नाही तर आत सुकलेला माल एका बाजूला राहतो आणि पुढच्या वेळी सुरू करताना जे हादरे बसतात ते ऐकून पोटात गोळा येतो. फिल्टर प्रेस सगळ्यात कोरडा केक देते, ३० ते ४० पर्यंत, पण ती एकेक घाणा करत चालते, प्लेटा उघडा, केक पाडा, कापड धुवा, परत बंद करा. त्यात फेरिक क्लोराइड आणि चुना घालायची जुनी पद्धत आहे, चुन्याने पीएच चढतो आणि अमोनिया सुटतो, प्रेस उघडताना डोळे चुरचुरतात. स्क्रू प्रेस शांत, सावकाश, वीज कमी खाणारी, छोट्या प्लांटला उत्तम.

आणि ड्रायिंग बेड. लोक त्याला मागासलेलं समजतात, मला ते पटत नाही. वाळूचा थर, खाली खडी, त्याखाली भोकं पाडलेले पाइप, वर २०-३० सेंटीमीटर स्लज सोडायचा. पहिले एक-दोन दिवस पाणी खाली झिरपतं, मग ते थांबतं आणि उरलेलं काम ऊन-वारा करतो. पृष्ठभागाला आधी कातडी येते, मग एक दिवस सकाळी बघाल तर तडे गेलेले असतात, भेगांचं जाळं, आणि एकदा तडे खोल गेले की मग पाऊस आला तरी फार घाबरायचं कारण नाही, पावसाचं पाणी भेगांतून सरळ वाळूत उतरतं. तडे जायच्या आधी पाऊस आला तर मात्र सगळं पहिल्यापासून. जागा भरपूर लागते ही एकच खरी अडचण. थंड प्रदेशात तर गाळ मुद्दाम गोठवतात, बर्फाचा स्फटिक वाढताना घाण बाहेर ढकलतो, वितळल्यावर तो गाळ इतकं सहज पाणी सोडतो की पॉलीची गरजच पडत नाही.

आता तो किस्सा, ज्याने माझं डोकं ठिकाणावर आलं. प्लांटचं नाव सांगत नाही, बरीच वर्षं झाली. सेंट्रिफ्यूजचा केक २१-२२ यायचा तो एका सोमवारपासून १७ वर आला, सेंट्रेट काळं, वर फेस. मी पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसलो. फरक कमी केला, वाढवला, फीड, म्हणजे मशीनला जाणारा गाळ, निम्मी केली, पॉलीचा डोस दीडपट केला, मशीन थांबवून सेंट्रेट बाहेर सोडणाऱ्या वेअर प्लेटा बदलल्या, कंपनीच्या माणसाला फोन करून करून बेजार केलं. चार दिवस. केक १६ वर गेला. गुरुवारी रात्रीच्या शिफ्टला एक काका होते, निवृत्तीला आलेले, त्यांना वाचता येत होतं थोडंफार पण पॅनेलला ते कधी हात लावायचे नाहीत. ते पॉलीच्या टाकीपाशी गेले, हातमोजा घातलेली दोन बोटं द्रावणात बुडवून वर उचलली आणि मला हाक मारली, "साहेब, पॉलीला तार येत नाहीये बघा."

चांगल्या पॉलीला तार येते. बोटं वर घेतली की लांबलचक चिकट धागा लोंबतो. या पॉलीचं पाणी थेंबाथेंबाने गळत होतं, साध्या पाण्यासारखं. वर बघितलं तर अजिटेटर, म्हणजे टाकीतला ढवळणारा पंखा, सपासप फिरत होता. आधीच्या शनिवारी गिअरबॉक्स बिघडला म्हणून मेंटेनन्सने स्टोअरमधला दुसरा बसवला होता, रेशो वेगळा, पंखा जिथे सावकाश फिरायचा तिथे तो मिक्सरसारखा फिरत होता. एवढ्या लांब साखळ्या, त्यांना तासभर पात्यांनी कापून त्यांचे तुकडे करून मी ते तुकडे डोसिंग पंपाने मशीनला पाठवत होतो, आणि उपयोग होत नाही म्हणून दीडपट तुकडे पाठवत होतो. चार दिवसांत मी एकदाही बीकर घेऊन त्यात पॉली आणि स्लज ओतून बघितलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम, आणि मी ते केलं नाही, याची टोचणी अजून आहे.

शुक्रवारी गिअरबॉक्स बदलला, दुपारपर्यंत पॉलीला तार आली. मला वाटलं संध्याकाळी केक २१. आला १८. यात काही गौडबंगाल नव्हतं. पाच दिवस जे काळं सेंट्रेट निघत होतं ते कुठे जात होतं? प्लांटच्या इनलेटला, परत. म्हणजे मशीनने न पकडलेला सगळा बारीक माल परत प्लांटमध्ये जाऊन, परत थिकनरमध्ये येऊन, परत मशीनसमोर उभा राहत होता, आणि दर फेरीत फक्त बारीक बारीकच मागे राहत होता कारण जाडा पकडला जात होता. बारीक कणांना पृष्ठभाग जास्त, त्यांना पॉली जास्त लागतं, ते पाणी जास्त धरतात. सगळं निस्तरायला आठवडा गेला. त्यानंतर मी केकचा आकडा एकटा कधी बघत नाही. केक २४ आला आणि सेंट्रेट काळं असेल तर तो २४ खोटा आहे, तुम्ही अवघड माल पाण्याबरोबर परत पाठवून फक्त सोपा माल कोरडा केलाय.

या परत जाणाऱ्या पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि ते तर प्लांटचं निम्मं दुखणं असतं. डायजेस्टर असलेल्या प्लांटवर गाळातली प्रोटीनं मोडून अमोनिया होतो, तो पाण्यात विरघळलेला असतो, मशीनने पाणी वेगळं केलं की सगळा त्या पाण्यातून बाहेर. येणाऱ्या सांडपाण्यात लिटरला ३०-४० मिलिग्रॅम अमोनिया असेल तर या पाण्यात हजारच्या घरात असतो. पाणी एकूण प्रवाहाच्या १ टक्क्याच्या आसपास, पण नायट्रोजनचा बोजा १५-२० टक्के. आणि बहुतेक ठिकाणी मशीन दिवसपाळीलाच चालतं, म्हणजे जेव्हा प्लांटवर आधीच सगळ्यात जास्त लोड असतो तेव्हाच हा डोस पण तिथे जाऊन पडतो. एक साधी साठवण टाकी बांधून ते पाणी रात्री हळूहळू सोडलं तरी हवा देणाऱ्या ब्लोअरचा केवढा ताण वाचतो. याच पाण्यासाठी नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये अ‍ॅनामॉक्स बॅक्टेरियांवर काम झालं, जे अमोनिया आणि नायट्राइट मिळून थेट नायट्रोजन वायू करतात, आणि २००२ मध्ये रॉटरडॅमच्या डोकहाव्हन प्लांटवर पहिला मोठा रिअ‍ॅक्टर उभा राहिला. आणि स्ट्रूव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट एकत्र आले की पाइपात दगडासारखे पांढरे स्फटिक बसतात, लॉस एंजेलिसच्या हायपेरियन प्लांटवर १९६० च्या दशकातच पाइप आतून भरत आल्याचं लक्षात आलं होतं. सेंट्रेटच्या लाइनचा बेंड उघडला आणि आत पांढरे, धारदार, चमकणारे खडे दिसले तर दचकू नका, ते हेच. हल्ली काही प्लांट ते मुद्दाम तयार करून खत म्हणून काढतात.

कोणी विचारेल, एवढा आटापिटा का, वाळवून टाका ना सरळ भट्टीत. एक टन पाण्याची वाफ करायची तर निसर्गाच्या नियमाने किमान ६३० युनिट उष्णता लागते, प्रत्यक्ष ड्रायरला ८०० ते १००० धरा. सेंट्रिफ्यूज एक घनमीटर स्लजला काही थोडकेच युनिट खातं. मशीनने काढलेलं पाणी आणि वाफेने काढलेलं पाणी यात शेकडो पटींचा फरक आहे. जाळायचं म्हटलं तरी साधारण ३० टक्क्यांच्या आसपास केक पोचला तरच तो वरून इंधन न घालता स्वतःच्या जोरावर जळतो, त्याच्या खाली तुम्ही इंधन जाळून पाणी उकळताय. मिलवॉकीने १९२६ पासून वाळवलेला गाळ मिलऑर्गनाइट नावाने खत म्हणून विकला आणि अजून विकतायत, पण त्यांनाही आधी पाणी गाळून काढावंच लागतं, मग ड्रायर.

एक काळ होता की हे सगळं न करता भागायचं. समुद्रकाठच्या शहरांना तर फारच सोपं, जहाजात पातळ स्लज भरायचा आणि लांब जाऊन समुद्रात सोडायचा. न्यूयॉर्कने ते १९९२ ला बंद केलं, युरोपने १९९८ च्या शेवटाला. बंदी आली तसं न्यूयॉर्कला आठ ठिकाणी पाणी काढायची केंद्रं उभारावी लागली, आणि त्यांची स्लजची जहाजं अजूनही चालतात, फक्त आता ती समुद्रात न जाता एका प्लांटचा पातळ गाळ दुसऱ्या, मशीन असलेल्या प्लांटला पोचवतात. म्हणजे कोणाला तरी हे पाणी काढावंच लागतं. शहरातला प्रत्येक माणूस रोज थोडा गाळ तयार करतो आणि कुठेतरी कोणीतरी गाळाचा मग हातात घेऊन त्यात पॉली घालून बघत असतं.

अजून एक सांगायचं राहिलं, स्लज साठवून ठेवू नका. दोन-चार दिवस हवेशिवाय टाकीत पडला की तो सडतो, गोळे मोडतात, बारीक कण सुटतात, पॉली जास्त खातो आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर तुम्ही शुद्धीत आहात, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, आणि माणूस समजतो वायू गेला. टाकीत उतरायच्या आधी वायू मोजायचा मीटर, प्रत्येक वेळी, दोन मिनिटांचं काम असलं तरी. याच्यात तडजोड नाही.

त्या ट्रेनी पोराला काल मी मशीन सुरू करायच्या आधी एकट्याने बीकर लावायला सांगितलं. चार बीकर, चार डोस, प्रत्येक सहा वेळा ओतून. पहिल्यात गोळे झालेच नाहीत, दुसऱ्यात झाले पण ओतताना मोडले, तिसऱ्यातले टिकले, चौथ्यातले मोठे होते पण चिकट, काचेला धरून राहिलेले. त्याने तिसरा घेतला. दुपारी केकचा नमुना २० ग्रॅम मोजून १०५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवला, आज सकाळी काढला तर ४.३६ ग्रॅम. रजिस्टरमध्ये २१.८ लिहिलं त्याने, आणि शेजारी जो रकाना सहसा कोणी भरत नाही त्यात, सेंट्रेट: स्वच्छ, किंचित पिवळसर, ग्लासमागचं अक्षर वाचता येतं.